स्वस्तातला हेल्मेट कॅमेरा: खरेदीपासून पहिल्या राइडपर्यंत

जुलैतल्या एका रविवारी ताम्हिणीत पाऊस नुसता कोसळत होता. हेल्मेटवर नवाकोरा कॅमेरा लावून मी मुळशीच्या बाजूने घाटात शिरलो आणि माणगावपर्यंत उतरून परत आलो. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं, तर पहिली पस्तीस मिनिटं नुसते ढग आणि कोपऱ्यात हेल्मेटच्या काचेची कड. पुढचं चित्र इतकं हलत होतं की बायकोने दोन मिनिटांत मान फिरवली. म्हणाली, "बंद कर, डोकं दुखायला लागलं." शेवटची वीस मिनिटं तर कार्डावर नव्हतीच.

म्हणजे कोन चुकला होता, स्थिरीकरण (हलतं चित्र स्थिर करायची कॅमेऱ्यातली सोय) बंद होतं आणि कार्ड नकली होतं. तिन्ही गोष्टींचा कॅमेरा स्वस्त असण्याशी काही संबंध नव्हता. वीस हजार जास्त मोजले असते तरी तो रविवार असाच वाया गेला असता. त्यानंतर याच कॅमेऱ्यावर मी घाटातल्या राइड, सायकलच्या कच्च्या वाटा आणि कोलाडचं राफ्टिंग समाधान वाटेल असं टिपलं. तुम्ही पहिला कॅमेरा घेणार असाल, तर माझं जे वर्ष चाचपडण्यात गेलं ते तुमचं जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी ही यादी बघा

- कॅमेरा आणि त्याची मूळ फ्रेम किंवा वॉटरप्रूफ केस
- हेल्मेटला बसेल असा माउंट (चिन माउंट, पट्ट्यांचा माउंट किंवा चिकटवायची वक्र पट्टी)
- यू३ किंवा व्ही३० खूण असलेलं मायक्रोएसडी कार्ड, आणि शक्यतो दुसरं एक जास्तीचं
- किमान एक जादा बॅटरी आणि बाहेरून चार्ज करायचा चार्जर
- कॅमेरा निसटला तर अडकून राहावा म्हणून बारीक दोरी
- लेन्स पुसायला मायक्रोफायबर कापड, सिलिका जेलच्या पुड्या
- कागदपत्रं: जीएसटी क्रमांक असलेलं बिल, वॉरंटी कार्ड, कॅमेऱ्याच्या सीरियल नंबरचा फोटो

१. आधी खेळ ठरवा

दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारा, वर्षातून सगळ्यात जास्त वेळा मी काय करणार? बाइक चालवणाऱ्याला स्थिरीकरण आणि आवाज महत्त्वाचा. रस्त्याचे खड्डे आणि इंजिनाचा थरथराट, दोन्ही चित्रात उतरतात. सायकलवाल्याला वजन महत्त्वाचं, कारण सायकलचं हेल्मेट हलकं असतं आणि वरचं ओझं मानेला लगेच जाणवतं. राफ्टिंग किंवा तारकर्लीच्या पाण्यात उतरणाऱ्याला पाण्यापासूनचं संरक्षण आधी बघावं लागतं. ट्रेक आणि रॅपलिंग करणाऱ्याला तासन्‌तास चालणारी बॅटरी लागते, तिथे वेग कमीच असतो.

वर्षातून एकदाच कुणी पॅराग्लायडिंगला नेणार असेल, तर त्यासाठी कॅमेरा विकत घेऊ नका. मित्राचा मागून आणा किंवा भाड्याने घ्या.

२. पैशांची वाटणी

नवखा माणूस सगळे पैसे कॅमेऱ्यावर घालवतो आणि कार्ड, बॅटरी, माउंट मिळेल ते उचलतो. मी म्हणेन, खिशात दहा हजार असतील तर कॅमेऱ्यावर सहा-साडेसहाच घाला. उरलेले चांगलं कार्ड, दोन बॅटऱ्या आणि धड माउंट यांना ठेवा. साधा कॅमेरा भक्कम माउंटवर बसला की चालतो. महागडा कॅमेरा डुगडुगणाऱ्या माउंटवर बसवला की काहीच हाती लागत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. निक वुडमन यांनी २००२ मध्ये गोप्रो सुरू केली. सर्फिंग करताना मनगटाला बांधायचा त्यांचा पहिला कॅमेरा २००४ साली आला, आणि तो चक्क ३५ मिमी फिल्मचा होता. पुढे त्यांच्या माउंटची ती दोन-तीन बोटांची, मधून स्क्रू जाणारी जोडणी इतकी रुळली की आज एसजेकॅम, अकासो आणि असल्या बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांच्या फ्रेम आणि केस त्याच जोडणीच्या येतात. त्यामुळे माउंट एकदा घेतला की पुढे कॅमेरा बदलला तरी तो वाया जात नाही.

३. डब्यावरचे आकडे वाचायला शिका

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा थांबून वाचा.

डब्यावर मोठ्या अक्षरांत ४के लिहिलेलं असतं. खरं ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, जवळजवळ ८३ लाख. फुल एचडी म्हणजे १०८०पी, त्यात साधारण २१ लाख ठिपके. स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर खरं ४के टिपू शकत नाही. तो १०८०पी किंवा २.७के टिपतो आणि आतल्या आत चित्र ताणून ४के मापाचं करतो. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत "इंटरपोलेटेड" असा शब्द असतो, तो याचसाठी. चादर ओढून लांब केली म्हणून तिच्यात धागे वाढत नाहीत. फाइल तेवढी मोठी होते आणि कार्ड लवकर भरतं.

ओळखायचं कसं? रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानाची पाटी आधी १०८०पीवर आणि मग ४केवर टिपा. कॅमेरा जागचा हलवू नका. दोन्ही चित्रं लॅपटॉपवर मोठी करून बघा. ४केमध्ये पाटीवरची बारीक अक्षरं जास्त स्पष्ट वाचता आली नाहीत, तर ते ४के नावापुरतं आहे. मग कॅमेरा कायम १०८०पीवरच ठेवा. त्यात कमीपणा काही नाही, मोबाइलवर बघणाऱ्याला फरक कळतही नाही.

त्याहून महत्त्वाचं ते स्थिरीकरण, म्हणजे डब्यावरचं ईआयएस. कॅमेऱ्यातला जायरो सेन्सर तुमचं डोकं किती आणि कुठे वळलं ते मोजतो, आणि कॅमेरा चित्राची चौकट तेवढीच उलट दिशेला सरकवतो. सरकायला जागा हवी म्हणून चारी बाजूंनी थोडं चित्र कापलं जातं. ईआयएस चालू केल्यावर चौकट किंचित लहान झाली तर घाबरू नका, ते असंच असतं. सापळा वेगळाच आहे. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत ४के लावलं की ईआयएस आपोआप बंद होतं आणि पडद्यावर तसं कुठे लिहूनही येत नाही. माझ्या ताम्हिणीच्या राइडला नेमकं हेच झालं होतं. दुकानात असतानाच विचारा, "ईआयएस कोणकोणत्या रिझोल्यूशनला चालतं?" दुकानदाराला सांगता आलं नाही, तर मेन्यू उघडायला लावा आणि स्वतः बघा.

आणखी एक. कमी उजेडात, म्हणजे दाट झाडीत, पावसाळी संध्याकाळी, ईआयएस निम्मंच काम करतं. उजेड कमी असला की प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, टिपायला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात डोकं हललेलं असतं आणि ती फ्रेमच फिसकटते. फिसकटलेली फ्रेम सरकवली तरी फिसकटलेलीच राहणार. ऊन असताना निघा.

४. नवा की वापरलेला?

नव्यात दोन टप्पे आहेत. तीन-चार हजारांपर्यंतचे कॅमेरे शिकायला ठीक आहेत. पण त्यांत ईआयएस नसतंच किंवा असून नसल्यासारखं असतं. त्याच्या वरच्या टप्प्यात खऱ्या जायरोवर चालणारं स्थिरीकरण मिळायला लागतं. माझ्या मते पहिला कॅमेरा इथून सुरू करावा.

मला त्याहून बरा वाटणारा मार्ग म्हणजे चांगल्या कंपनीचा काही पिढ्या जुना, वापरलेला कॅमेरा. गोप्रो हीरो ७ ब्लॅक २०१८ मध्ये आला आणि त्याच्यासोबत हायपरस्मूथ नावाचं स्थिरीकरण आलं. आजही ते घाटातल्या रस्त्याला पुरून उरतं. डीजेआयचा पहिला ऑस्मो अॅक्शन २०१९ चा, त्याला पुढच्या बाजूलाही पडदा आहे. इथे एक ठेच हमखास लागते. हीरो ७ हे नाव तीन कॅमेऱ्यांना आहे: ब्लॅक, सिल्व्हर आणि व्हाइट. हायपरस्मूथ फक्त ब्लॅकमध्ये आहे. सिल्व्हर आणि व्हाइटची बॅटरी आतच बसवलेली असते, बदलता येत नाही. जाहिरातीत नुसतं "हीरो ७" असेल तर फोटो नीट बघून घ्या.

वापरलेला घेताना समोर बसून हे करा:

- सलग वीस मिनिटं रेकॉर्डिंग लावा. जुना कॅमेरा तापून बंद पडत असेल तर ते इथेच कळतं.
- बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगली तर फुगलेली आहे, ती वापरू नका.
- लेन्सवर तिरका उजेड पाडून ओरखडे बघा.
- बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का, आतल्या रबरी कडेला चीर नाही ना, ते बोट फिरवून बघा.
- बिलावरचा, खोक्यावरचा आणि कॅमेऱ्यावरचा सीरियल नंबर एकच आहे का ते जुळवा.
- आधीच्या मालकाला त्याच्या मोबाइल अॅपमधून कॅमेरा तुमच्यासमोर काढून टाकायला सांगा.

ऑनलाइन मागवलात तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. सील दिसण्यापासून कॅमेरा चालू होईपर्यंत, मध्ये न थांबवता. माझं नकली कार्ड अशाच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलं होतं. व्हिडिओ नसल्यामुळे पैसे परत मिळवायला महिना गेला.

५. कार्ड तपासल्याशिवाय राइडला जाऊ नका

कार्डावर किती जीबी लिहिलंय याआधी त्यावरच्या बारीक खुणा बघा. यू३ किंवा व्ही३० म्हणजे कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी सतत लिहून घेऊ शकतं. यू१ म्हणजे १० एमबी. स्वस्त कॅमेरा ४केला सेकंदाला साधारण ६० मेगाबिट वेगाने लिहीत असेल, तर आठ मेगाबिटचा एक एमबी या हिशेबाने सेकंदाला साडेसात एमबी झाले, म्हणजे तासाला २७ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर सव्वादोन तास जातात. कॅमेरा १०० मेगाबिटने लिहिणारा असेल तर तासाला ४५ जीबी. तिथे यू१ कार्ड मध्येच धाप टाकतं आणि रेकॉर्डिंग थांबतं.

जुने स्वस्त कॅमेरे ३२ जीबीच्या वरचं कार्ड घेत नाहीत. माहितीपत्रकात कमाल किती ते बघून मगच कार्ड घ्या.

आता नकली कार्डाबद्दल. माझ्या कार्डावर १२८ जीबी छापलं होतं, लॅपटॉपही १२८च दाखवत होता, पण आत खरी जागा त्याच्या पाव हिश्शाइतकीही नव्हती. ती जागा भरली की कॅमेरा लिहीत राहतो, लाल दिवा लुकलुकत राहतो आणि कार्डावर काहीच उमटत नाही. राइडभर तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून नवं कार्ड आलं की विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते अख्खं कार्ड भरून पुन्हा वाचून बघतं. दोन-तीन तास लागतात, रात्री लावून झोपा. सकाळी एकही चूक न दाखवलेलं कार्डच कॅमेऱ्यात घाला.

तपासल्यावर कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा, लॅपटॉपवरून नको.

६. हेल्मेटवर बसवणं

सगळ्यात आधी: हेल्मेटला भोक पाडू नका. ड्रिलने नाही, तापवलेल्या खिळ्याने नाही, "एवढंसंच तर" म्हणूनही नाही. हेल्मेटचं कवच धक्का पसरवायला आणि रस्त्यावर घसरायला गुळगुळीत केलेलं असतं. आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ या मानकाची आयएसआय खूण जून २०२१ पासून सक्तीची आहे. त्या खुणेसाठीच्या चाचण्या भोक नसलेल्या हेल्मेटवर झालेल्या असतात.

दुसरा नियम: जोराचा धक्का बसला तर कॅमेरा हेल्मेटवरून सुटून गेला पाहिजे. तो न सुटता अडकून राहिला तर मानेला पीळ बसतो. म्हणून नट-बोल्टने कायमचं जखडू नका. चिकटपट्टी किंवा पट्टा, जो ओढ बसल्यावर सुटेल, तोच बरा.

जागा कुठली? बाइकचं फुल फेस हेल्मेट असेल तर बिनदिक्कत हनुवटीवर. चिन माउंटचा पट्टा हनुवटीच्या कडीभोवती गुंडाळला जातो, कॅमेरा नजरेच्या रेषेत येतो आणि वारा कमी अडतो. काच पूर्ण उघडते-मिटते ना, ते बघा. हेल्मेटच्या माथ्यावर लावलेला कॅमेरा वेगात मान मागे ओढतो, सायकलच्या वाटेवर करवंदीच्या जाळीत आणि आंब्याच्या फांदीत अडकतो. बाजूला लावला तर वजन एकीकडे जातं, तासाभरात मान दुखते.

सायकलच्या हेल्मेटला वरच्या फटींतून पट्टा घालून बसवायचा माउंट येतो. चढाच्या-दगडांच्या वाटेवर मला तो पटला, रस्त्यावर नाही. रॅपलिंगच्या हेल्मेटला पुढे हेडलॅम्पसाठी क्लिपा असतात, त्यांत पट्टा बसतो. पण नागफणीसारख्या कड्यावर उतरायचं असेल तर आधी प्रशिक्षकाला दाखवा आणि दोर कॅमेऱ्यात अडकणार नाही याची खात्री त्याच्याकडूनच करून घ्या.

चिकटपट्टीचा माउंट लावायचा असेल तर घाई करू नका:

आदल्या दिवशी हेल्मेट साबणाच्या कोमट पाण्याने पुसा आणि घरात वाळू द्या. पावसाळ्यात बाहेर लटकवून वाळवलेलं हेल्मेट हाताला कोरडं लागतं, पण दमट असतं. हेल्मेटसोबत आलेल्या पत्रकात चालत असेल, तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटच्या स्वॅबने तेवढीच जागा पुसा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांना हातही लावू नका, कवच आतून कमकुवत होतं आणि वरून दिसत नाही. वक्र जागेला वक्र पट्टीच घ्या. सपाट पट्टी कडांना उचललेली राहते आणि पहिल्या पावसात सुटते. हेल्मेटवर स्टिकर असेल तर त्यावर चिकटवू नका, नाहीतर पट्टी स्टिकरला धरेल आणि स्टिकर हेल्मेटला सोडेल. मॅट रंगावरही पकड कमी बसते.

कागद काढा, एकदाच नेमकं ठेवा आणि अंगठ्याने अर्धा मिनिट दाबून धरा. मग २४ तास त्याला हात लावू नका. या जातीच्या चिकटपट्टीला पूर्ण ताकद यायला तीन दिवस म्हणजे ७२ तास लागतात. राइड रविवारी असेल तर गुरुवारी सकाळी चिकटवा.

नंतर माउंट धरून हेल्मेट जोरात हलवा. हेल्मेट हललं पाहिजे, माउंट नाही.

शेवटी बारीक दोरी. एक टोक कॅमेऱ्याच्या फ्रेमला, दुसरं हेल्मेटच्या फटीला किंवा माउंटच्या तळाला. लांबी वीतभरापेक्षा कमी, म्हणजे सुटलेला कॅमेरा तोंडावर येऊन आदळणार नाही. दोरी गळ्यात घालू नका, हनुवटीच्या पट्ट्यालाही बांधू नका. जाड दोरखंड नको, ओढ बसल्यावर तुटेल अशी बारीकच हवी.

७. कोन

माझी पस्तीस मिनिटं ढगांत का गेली, तर मी हेल्मेट टेबलावर ठेवून कोन लावला होता. टेबलावर हेल्मेट पुढे कलतं. डोक्यात घातलं की मागे जातं.

बरोबर पद्धत अशी: जॅकेट, हातमोजे, पाठीवरची बॅग, सगळं घालून बाइकवर बसा, बाइक कुणाला तरी धरायला सांगा. राइडमध्ये जसे वाकून बसता तसे बसा आणि एक मिनिट रेकॉर्ड करा. चित्रात आकाश आणि जमीन जिथे भेटतात ती रेषा वरच्या एक तृतीयांश हिश्शात हवी, खाली हँडलचा थोडा भाग दिसायला हवा. हँडल दिसलं की बघणाऱ्याला वेग कळतो. नुसता रस्ता दिसला तर ताशी चाळीस आणि ताशी सत्तर यांत फरक वाटत नाही.

कोन जमला की माउंटच्या दोन बोटांवरून एक बारीक पांढरी रेघ मारा. नेलपॉलिशही चालतं, फक्त ते माउंटवर लावा, हेल्मेटवर नाही. पुढच्या वेळी रेघेला रेघ जुळवली की झालं. एका सिलिंडरच्या बाइकचा थरथराट हा स्क्रू हळूहळू सैल करतो. चहाला थांबलात की आधी तो हाताने बघा.

८. सेटिंग, एकदाच

- १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम, ईआयएस चालू. ६० फ्रेममुळे नंतर एखादा क्षण निम्म्या वेगाने दाखवता येतो.
- फ्लिकर ५० हर्ट्झ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, ६० ठेवलं तर दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकतात.
- एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) उणे ०.३ ते उणे ०.५. काळा रस्ता बघून कॅमेरा चित्र उजळवतो आणि आकाश पांढरं फटक पडतं.
- तारीख-वेळ बरोबर. लूप रेकॉर्डिंग बंद, नाहीतर कार्ड भरल्यावर जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं.
- बीपचा आवाज चालू. डोक्यावरचा कॅमेरा तुम्हाला दिसत नाही. बटण दाबल्यावर सोबतच्याला विचारा, "लाल दिवा लागला का?" ही सवय लावून घ्या. मोठा उतार संपल्यावर बटण दाबलंच गेलं नव्हतं हे कळणं फार लागतं.

९. बॅटरी, उष्णता, आवाज

या छोट्या कॅमेऱ्यांची एक बॅटरी साधारण तासाभराची. अख्खी राइड टिपायचा हट्ट सोडा. घाट सुरू झाला की चालू, सपाट रस्त्याला बंद. वाय-फाय बंद ठेवलं तर बॅटरी जास्त पुरते आणि कॅमेरा कमी तापतो. मे महिन्यात सिग्नलला उभं असताना वारा लागत नाही, तेव्हाच हे कॅमेरे तापून बंद होतात. लडाखला उलटं, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. विमानाने जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्या, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत.

आवाजाचं सांगायचं तर, वेगात फक्त वारा ऐकू येतो. माइकच्या छिद्रांवर स्पंजचा पातळ तुकडा चिकटवला तर बराच फरक पडतो. कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लागत नसेल, तर कॉलर माइक हेल्मेटच्या आत गालाजवळच्या गादीत खोचा, वायर जॅकेटमधून खिशातल्या मोबाइलला जोडा आणि आवाज तिथे रेकॉर्ड करा. निघताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. नंतर चित्रातली टाळी आणि मोबाइलमधली टाळी जुळवली की पूर्ण राइडचा आवाज जागेवर बसतो.

१०. पाणी

गोप्रोचे अलीकडचे बहुतेक कॅमेरे केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतात. स्वस्त कॅमेऱ्यांवर ३० मीटर लिहिलेलं असतं ते केससकट. केस नसताना ते पावसाच्या सरीतही नेऊ नका. केस लावण्याआधी दाराची रबरी कडा बोटाने पुसा. डोक्याचा एक केस किंवा वाळूचा एक कण तिथे राहिला तरी पाणी आत जातं. आधी कॅमेरा न ठेवता रिकामी केस टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास बुडवा. टिश्यू कोरडा निघाला तरच पुढे जा. आत सिलिका जेलची पुडी ठेवली तर काचेला वाफ धरत नाही.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग होतं ते भिऱ्याच्या वीज केंद्रातून पाणी सोडल्यावर. पाणी सोडलं की नदीचं रूपच बदलतं. मी हेल्मेटवर कॅमेरा लावून राफ्टमध्ये बसलो तेव्हा गाइडने माउंटला हात लावून ओढून बघितलं आणि म्हणाला, "दादा, कॅमेऱ्याची दोरी ठीक आहे, पण पहिल्या वळणाला एक हात कॅमेऱ्यावर आणि एक हात वल्ह्यावर असं करू नका. दोन्ही हात वल्ह्यावर." त्याचं ऐकलं. त्या दिवशीचं चित्रण माझ्याकडचं सगळ्यात चांगलं चित्रण आहे. मागच्या बाजूला नारिंगी फ्लोट (कॅमेरा तरंगत ठेवणारा तुकडा) लावायला विसरू नका, बुडलेला काळा कॅमेरा गढूळ पाण्यात सापडत नाही.

११. कायदा आणि परवानगी

केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावायला मनाई केली. कोकणातून खाली दक्षिणेकडे राइड आखत असाल तर हेल्मेटवरचा कॅमेरा उतरवून छातीच्या पट्ट्यावर लावा. खरं तर ज्याला मानेवर वजन नको असेल त्यानेही छातीचा पट्टा वापरून बघावा. हात, हँडल आणि रस्ता तिन्ही छान येतात. सायकलवर वाकून बसत असाल तर कॅमेरा उलटा लटकवा आणि मेन्यूतून चित्र फिरवा, नाहीतर फक्त पुढचं चाक दिसतं.

कामशेतला पॅराग्लायडिंगला जात असाल तर कॅमेरा लावण्याआधी पायलटला विचारा. हेल्मेटवरचं काहीही छत्रीच्या दोऱ्यांत अडकू शकतं. तो नको म्हणाला तर वाद घालू नका. स्कायडायव्हिंगमध्ये तर अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेची शिफारस आहे की किमान २०० उड्या झाल्याशिवाय कॅमेरा लावूच नये, कारण कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं की उंचीकडचं लक्ष सुटतं. बाइकवर उड्या नसल्या तरी घाटात हेच खरं आहे. कॅमेरा चालू आहे म्हणून कुणी वळणावर वेग वाढवत असेल तर त्याच्या मागे जाऊ नका, त्याला पुढे जाऊ द्या.

गावातून जाताना टिपल्या गेलेल्या लोकांचे, विशेषतः मुलांचे चेहरे इंटरनेटवर टाकण्याआधी धूसर करा.

१२. परत आल्यावर

कार्डातलं सगळं त्याच रात्री लॅपटॉपवर उतरवा, त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मगच कार्ड फॉरमॅट करा. व्हिडिओ कापायला-जोडायला शॉटकट हे सॉफ्टवेअर किंवा दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घरच्या कामाला पुष्कळ आहे. चित्र लॅपटॉपवर अडखळत असेल तर फाइल बहुधा एचईव्हीसी या लॅपटॉपला जड जाणाऱ्या प्रकारात आहे, कॅमेऱ्यात एच.२६४ हा प्रकार निवडा. दोन तासांतून तीन मिनिटं काढा. घरचे तीन मिनिटं आवडीने बघतात.

समुद्रावर गेला असाल तर केस बंद असतानाच गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. मग पुसा, मग उघडा. बॅटरी काढून निम्मी चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून कपाटात ठेवली की फुगायला लागते. चिन माउंट हेल्मेटवरून उतरवा आणि त्याखालचं कवच उजेडात धरून बघा. पट्ट्याखाली चिखल साचून केसासारखे बारीक ओरखडे पडतात, तो चिखल ओल्या फडक्याने लगेच पुसला तर ते पुढे वाढत नाहीत. केसासारखी रेघ ओरखडा नसून तडा असेल, नखाला अडकत असेल, तर ते हेल्मेट बदला. कॅमेरा नंतर घेता येईल.